जुना ३२ बिट पीसी: काय चालेल, काय अडेल आणि प्रोग्रॅम कसा वाचवायचा

नाशिकच्या अंबडमधल्या वर्कशॉपमध्ये मशीनला प्रोग्रॅम पाठवणारा पीसी आणि पंचवटीच्या मार्केट यार्डात शेतकऱ्याची हिशेबपट्टी छापणारा पीसी बऱ्याचदा एकाच पिढीचे निघतात: जी३१ किंवा जी४१ चिपसेटचा बोर्ड, दोन जीबी रॅम, विंडोज एक्सपी नाहीतर ३२ बिटचं विंडोज ७. दोन्हीकडे सल्ला एकच मिळतो, ‘नवीन घ्या.’ नवीन येतो, प्रोग्रॅम उघडत नाही, उघडला तर प्रिंट निघत नाही आणि आठवड्याभरात जुना डबा पुन्हा टेबलावर दिसतो.

नेमकं काय बदललं ते आधी बघू. एएमडीने २००३ मध्ये ६४ बिटचे एक्स८६ प्रोसेसर बाजारात आणले, इंटेलनेही तीच पद्धत उचलली. नवे प्रोसेसर जुनी ३२ बिट कामं करतात, त्यामुळे कित्येक वर्षं कुणाला फरक जाणवला नाही. आता मात्र जुन्याचा आधार एकेक करून काढला जातोय. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. ३२ बिटमध्ये मिळणारं शेवटचं विंडोज म्हणजे विंडोज १०, आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्सच्या बाजूला डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, त्यात ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, तोही नाही.

प्रोग्रॅमच्या बाजूने पाहिलं तर साधा ३२ बिट प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर सहसा निमूटपणे चालतो. अडतं ते तीन ठिकाणी. १६ बिट प्रोग्रॅम, म्हणजे डॉसचे आणि विंडोज ३.१ च्या काळातले, अजिबात चालत नाहीत; प्रोसेसर ६४ बिट मोडमध्ये गेला की डॉससाठी लागणारा आभासी ८०८६ मोड उपलब्धच राहत नाही. ड्रायव्हर ६४ बिटचाच लागतो आणि त्यावर डिजिटल सही लागते, म्हणून जुना स्कॅनर किंवा डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची पोर्टला लावायची किल्ली) गप्प होतो. तिसरी गंमत अशी की काही जुन्या पॅकेजांमध्ये प्रोग्रॅम ३२ बिटचा असतो पण सेटअप फाइल १६ बिटची. तिथे प्रोग्रॅमला उगाच दोष दिला जातो. आपलं घोडं यातल्या कुठल्या ठिकाणी अडलंय हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

प्रोसेसर खरंच ३२ बिट आहे का?

विंडोज १० वर सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे ‘सिस्टीम टाइप’ ही ओळ वाचा. तिथे ‘३२ बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४ बेस्ड प्रोसेसर’ असं असेल तर प्रोसेसर ६४ बिटचाच आहे, कुणीतरी कमी रॅम पाहून ३२ बिट विंडोज टाकलेलं आहे. असे पीसी आपल्याकडे भरपूर. एक्सपीवर ही ओळ नीट दिसत नाही; तिथे सीपीयू-झेड हे छोटं टूल चालवा आणि ‘इन्स्ट्रक्शन्स’ रकान्यात ईएम६४टी किंवा एक्स८६-६४ लिहिलंय का बघा. त्याच रकान्यात एसएसई२ आणि एसएसई३ (प्रोसेसरला कळणाऱ्या जादा आज्ञांचे संच) आहेत का हेही टिपून ठेवा.

ढोबळ ओळख अशी: कोअर २ ड्युओ, ई२००० आणि ई५००० मालिकेतले पेंटियम ड्युअल कोअर, अ‍ॅथलॉन ६४ हे ६४ बिट. पेंटियम एम, अ‍ॅथलॉन एक्सपी आणि नेटबुकमधला अ‍ॅटम एन२७० हे ३२ बिट. पेंटियम ४ मध्ये दोन्ही प्रकार सापडतात, तिथे नावावर विसंबू नका. कोअर ड्युओ आणि कोअर २ ड्युओ या नावांतही घोळ होतो: मधला ‘२’ नसेल तर तो ३२ बिट.

अ‍ॅटम झेड३७३५एफ असलेले स्वस्त छोटे लॅपटॉप वेगळाच पेच टाकतात. प्रोसेसर ६४ बिट, पण यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) ३२ बिट. ६४ बिटसाठी बनवलेला पेनड्राइव्ह बूट मेनूत दिसतच नाही. पेनड्राइव्हच्या ईएफआय फोल्डरमधल्या बूट फोल्डरात ‘बूटआयए३२.ईएफआय’ ही फाइल असेल तरच तो दिसतो.

६४ बिट निघाला तर

मग काम सोपं आहे. रॅम वाढवा, एसएसडी लावा, ६४ बिट लिनक्स टाका. जी३१ बोर्ड जास्तीत जास्त चार जीबी घेतो, म्हणजे दोन जीबीच्या दोन डीडीआर२ कांड्या. चार जीबीची एकच स्वस्त डीडीआर२ कांडी ऑनलाइन दिसते, तिच्या वर्णनात बारीक अक्षरांत ‘फक्त एएमडी’ असतं. इंटेल बोर्डावर ती चालत नाही. पीसी नुसता बीप देतो नाहीतर काळा पडतो. कांडी बदलताना सोनेरी दात साध्या खोडरबराने पुसून घ्या. नाशिकच्या पावसाळ्यानंतर ‘पीसी मेला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच एवढ्यावर मिटतात. नवी रॅम लावल्यावर मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू ठेवा. एकही लाल ओळ आली तर ती कांडी बाद.

साटाचा कुठलाही एसएसडी जी३१ वर चालतो. पोर्ट साटा २ असल्याने पूर्ण वेग मिळत नाही, पण जुन्या फिरत्या डिस्कशी तुलना केली तर फरक डोळ्यांना दिसतो. बायोसमध्ये एएचसीआय पर्याय सापडला नाही तर शोधत बसू नका, आयडीई मोडवर चालू द्या. झाकण उघडलंच आहे तर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर बघा. माथा फुगलेला किंवा तपकिरी द्रव आलेला असेल तर त्या बोर्डावर खर्च करू नका.

लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती दोन जीबीवर बसते, चार जीबीवर नीट वापरता येते. कोअर २ वर विंडोज ११ जुगाड करून टाकायचा विचार असेल तर सोडून द्या. २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला पॉपकाउंट आणि एसएसई४.२ या आज्ञा याव्या लागतात, त्या कोअर २ मध्ये नाहीत. सेटअपची तपासणी चुकवली तरी विंडोज बूटच होणार नाही.

खराच ३२ बिट निघाला तर

इथे पर्याय मोजके आहेत. डेबियन १२ ची आय३८६ आवृत्ती घ्या. तिची दीर्घ मुदतीची देखभाल जून २०२८ पर्यंत जाहीर आहे. एमएक्स लिनक्स २३ आणि अँटीएक्स २३ हेही त्याच पायावरचे आणि ३२ बिटमध्ये मिळतात. एक जीबी रॅमवर डेबियनबरोबर एलएक्सक्यूटी डेस्कटॉप निवडा. ग्नोम निवडलात तर माऊस हलवतानाही वाट बघावी लागेल. पेनड्राइव्ह दुसऱ्या, नव्या पीसीवर रुफसने बनवा आणि विचारल्यावर ‘डीडी’ मोड निवडा. यूएसबीवरून बूट न होणारे पेंटियम ४ असतात, त्यांना डीव्हीडीच लागते.

डेबियन १२ वरून १३ वर अपग्रेड करा अशी सूचना कुठे वाचलीत तर ३२ बिट पीसीवर ती पाळू नका. १३ मधली आय३८६ पॅकेजेस ६४ बिट पीसीवर जुने प्रोग्रॅम चालवण्यासाठी आहेत. त्यांना एसएसई२ लागतं आणि नवा ३२ बिट कर्नल मिळत नाही.

मराठीसाठी ‘फॉन्ट्स-देवा’ हे पॅकेज टाका, कळफलकात मराठी इनस्क्रिप्ट जोडा. जुन्या डीटीपी फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला तर तो लिनक्सचा दोष नाही. ती फाइल युनिकोडपूर्व फॉन्टमधली आहे. तोच फॉन्ट टाकावा लागेल किंवा कन्व्हर्टरने युनिकोड करावं लागेल.

खरी अडचण ब्राउझरची. क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. फायरफॉक्सची ३२ बिट लिनक्ससाठीची शेवटची नेहमीची आवृत्ती १४४, त्यापुढे फक्त ईएसआर (दीर्घ मुदतीची आवृत्ती) १४० ची शाखा. विंडोज ७ वर क्रोम १०९ आणि फायरफॉक्स ईएसआर ११५ इथे रेषा संपते, एक्सपीवर फायरफॉक्स ५२ ईएसआरवर. हे ब्राउझर साइट उघडतात, पण बँक आणि जीएसटीची कामं त्यांवर करू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. ती कामं मोबाइलवर किंवा दुसऱ्या पीसीवर. ३२ बिट पीसीला एकच ठरलेलं काम द्या आणि शक्य असेल तर त्याची नेटवर्क केबल काढून ठेवा.

‘सगळ्या साइट सर्टिफिकेट एरर देतात’ ही तक्रार आली तर आधी घड्याळ बघा. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला की प्रत्येक वेळी वीज गेल्यावर तारीख मागे जाते, आणि त्या तारखेला आजचं सर्टिफिकेट वैधच नसतं. नाण्याएवढा सेल बदलला की काम होतं.

डॉसचा प्रोग्रॅम

फॉक्सप्रोतली खतावणी, टर्बो पास्कलमध्ये लिहिलेलं पगारपत्रक असे प्रोग्रॅम अजून चालू आहेत आणि ते चालतात तोवर कुणी बदलणार नाही. ३२ बिट विंडोज ७ वर ते थेट चालतात. ३२ बिट विंडोज १० वर कंट्रोल पॅनलमधल्या ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन ‘लेगसी कंपोनंट्स’खाली एनटीव्हीडीएमवर (डॉस प्रोग्रॅम चालवणारा विंडोजचा भाग) खूण करा. ‘फुलस्क्रीन मोड सपोर्ट होत नाही’ असा संदेश आला तर तो डिस्प्ले ड्रायव्हरमुळे. व्हिस्टापासूनच्या ड्रायव्हरांनी ती सोय काढली. प्रोग्रॅमला फुलस्क्रीनच हवा असेल तर डॉसबॉक्स-एक्स हा डॉस पीसीची नक्कल करणारा प्रोग्रॅम वापरा.

६४ बिट विंडोजवर तर डॉसबॉक्स-एक्स हाच मुख्य रस्ता. साध्या डॉसबॉक्सपेक्षा हा निवडायचं कारण म्हणजे यात प्रिंटिंग आणि फाइल लॉकिंगची सोय आहे. साधा डॉसबॉक्स मुळात खेळांसाठी बनला. प्रोग्रॅमचं अख्खं फोल्डर कॉपी करा. फॉक्सप्रोत नुसती डीबीएफ उचलून चालत नाही. मेमोची एफपीटी आणि इंडेक्सची सीडीएक्स किंवा आयडीएक्स फाइलही बरोबर लागते. कॉपी करताना कुठल्याही पीसीवर प्रोग्रॅम उघडा नको, नाहीतर इंडेक्स आणि डेटा यांचा मेळ तुटतो. मग ते फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून माउंट करा, कारण जुन्या प्रोग्रॅममध्ये रस्ता सरळ सी ड्राइव्हचा लिहिलेला असतो. ‘टू मेनी फाइल्स ओपन’ असं आलं तर कॉन्फिग विभागात फाइल्सचा आकडा वाढवा.

टर्बो पास्कलचा प्रोग्रॅम उघडताच ‘रनटाइम एरर २००’ देऊन मरत असेल तर कारण वेग आहे. सुरू होताना तो प्रोसेसरचा वेग एका मोजणीच्या फेऱ्यातून काढतो, आणि वेगवान प्रोसेसरवर त्या भागाकाराचं उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही. डॉसबॉक्स-एक्समध्ये सायकल्स ‘फिक्स्ड १००००’ ठेवा. मोजणी सुरुवातीला एकदाच होते, म्हणून प्रोग्रॅम उघडल्यावर सायकल्स वाढवायला हरकत नाही.

मराठी डॉस प्रोग्रॅम असेल आणि त्यासाठी पूर्वी सी-डॅकचं जिस्ट कार्ड (डॉसवर भारतीय लिपी दाखवणारं) लागत असेल, तर ते कार्ड नव्या बोर्डावर बसायला स्लॉटच नाही. तिथे प्रोग्रॅमचा नाद सोडून डेटा वाचवा. मजकूर आयएससीआयआय या युनिकोडपूर्व भारतीय कोडमध्ये असतो. आयसीयू या लायब्ररीबरोबर येणारं यूकॉन्व्ह टूल तो युनिकोडमध्ये बदलतं. पण आधी डेटा टेक्स्ट फाइलमध्ये काढा. आयएससीआयआयमध्ये एका अक्षरचिन्हाला एक बाइट लागतो, यूटीएफ-८ मध्ये तीन. ३० बाइटच्या रकान्यात बदललेलं नाव परत भरायला गेलात तर ते मधेच तुटतं.

प्रिंट

डॉसचा प्रोग्रॅम एलपीटी१ कडे, म्हणजे जुन्या पॅरलल प्रिंटर पोर्टकडे, मजकूर पाठवतो. यूएसबी-पॅरलल केबल आणून टीव्हीएसचा डॉट मॅट्रिक्स जोडला तरी विंडोजला ती केबल ‘यूएसबी००१’ म्हणून दिसते, एलपीटी१ म्हणून नाही. त्यामुळे विंडोजमधून टेस्ट पेज निघतं आणि प्रोग्रॅममधून काहीच नाही. ३२ बिट विंडोजवर उपाय असा: प्रिंटर छोट्या, जागा नसलेल्या नावाने शेअर करा, मग कमांड प्रॉम्प्टवर (इंग्रजी अक्षरांत) ‘नेट यूज एलपीटी१: \\पीसीचंनाव\शेअरनाव /पर्सिस्टंट:येस’ ही आज्ञा द्या. बोर्डावर खरा पॅरलल पोर्ट असेल तर आधी तो बायोसमधून बंद करा, म्हणजे एकाच नावाचे दोन दावेदार राहत नाहीत. नेटवर्क केबलच नसेल तर विंडोजमधला लूपबॅक अ‍ॅडॅप्टर बसवावा लागतो.

एवढं करूनही लेझर प्रिंटर गप्प राहिला तर मॉडेल बघा. एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी२९०० आपल्याकडे दुकानोदुकानी आहेत, पण दोन्ही साधा मजकूर समजत नाहीत; पानाचं चित्र विंडोजच्या ड्रायव्हरने बनवून द्यावं लागतं. त्यांच्यासाठी डॉसबॉक्स-एक्समध्ये ‘पॅरलल१=प्रिंटर’ असं लिहा. तो आधी आभासी एप्सन प्रिंटरवर पान छापतो आणि मग ते पान विंडोजच्या प्रिंटरकडे देतो.

मशीनशी बोलणारा पीसी

सातपूर-अंबडमध्ये आरएस-२३२ केबलने सीएनसीला प्रोग्रॅम जातो, तिथे यूएसबी-सीरियल केबलवर जाण्याआधी नव्या बोर्डावर ‘कॉम’ लिहिलेला नऊ पिनांचा हेडर आहे का शोधा. बऱ्याच डेस्कटॉप बोर्डांवर असतो, फक्त मागे ब्रॅकेट लावायची असते. या ब्रॅकेटच्या केबलमध्ये पिनांची जुळणी दोन प्रकारची येते. पोर्ट दिसतो पण डेटा जात नाही असं झालं तर मीटरने पिना तपासा.

यूएसबी केबल घ्यावीच लागली तर एफटीडीआय चिपची घ्या. प्रॉलिफिकच्या जुन्या पीएल२३०३ चिपना आणि त्यांच्या नकलांना नवे ड्रायव्हर नाकारतात; डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि ‘कोड १०’ दिसतो. पोर्ट कॉम११ वगैरे आला तर अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये कॉम१ ते कॉम४ मधला मोकळा आकडा द्या, जुने डीएनसी प्रोग्रॅम (पीसीवरून मशीनला प्रोग्रॅम पाठवणारे) त्यापुढचे आकडे ओळखत नाहीत. तिथेच एफटीडीआयचा लेटन्सी टायमर १६ वरून २ मिलिसेकंदांवर आणा.

मशीनवर फॅनक कंपनीचा १६, १८, २१ मालिकेतला कंट्रोलर असेल तर अलार्मच कारण सांगतो. ०८५ म्हणजे बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग), पॅरिटी किंवा स्टॉप बिट जुळत नाहीत. मशीनच्या पॅरामीटरमधले आकडे बघून पीसीत तेच घाला, अंदाजाने नको. ०८६ म्हणजे समोरचं उपकरण तयार असल्याचा सिग्नल नाही: केबल किंवा तिच्यातले जंपर. ०८७ म्हणजे मशीनने ‘थांब’ सांगितलं तरी पीसी पाठवतच राहिला. यूएसबी केबलवर हाच जास्त येतो, कारण थांबण्याआधी कन्व्हर्टरच्या बफरमधले बाइट निघून गेलेले असतात. एक्सऑन/एक्सऑफ (‘थांब’ आणि ‘पाठव’ हे इशारे पाळण्याची सोय) चालू आहे का बघा, पाठवण्याचा बफर सर्वांत लहान करा, तरीही आला तर दोन्हीकडे बॉड ४८०० वर आणा.

पॅरलल पोर्टचं डोंगल मात्र हट्टी. पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड घेतलं तरी त्याला ३७८ हा जुना पत्ता सहसा मिळत नाही आणि जुनं सॉफ्टवेअर नेमकं तिथेच शोधतं. अशा वेळी मूळ एलपीटी पोर्ट असलेला चालू बोर्ड जपून ठेवणं हाच शहाणपणा. तसाच एक जादा बोर्ड मिळाला तर घेऊन ठेवा. यूएसबी डोंगलचं तसं नाही, ते आभासी पीसीला, म्हणजे नव्या पीसीच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या पीसीला, जोडून देता येतं.

अख्खा एक्सपी नव्या पीसीत

सेटअप सीडी हरवलेली असते तेव्हा जुन्या डिस्कची प्रतिमा बनवून ती आभासी पीसीत चालवायचा हा मार्ग. क्रम महत्त्वाचा आहे.

१. जुना पीसी चालू असतानाच डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई कंट्रोलरचा ड्रायव्हर बदलून ‘स्टँडर्ड ड्युअल चॅनल पीसीआय आयडीई’ करा आणि बंद करा. ही पायरी गाळली तर आभासी पीसीत निळ्या पडद्यावर ०x०००००७बी येतो.

२. डिस्क काढून यूएसबी अ‍ॅडॅप्टरने नव्या पीसीला जोडा, डिस्क२व्हीएचडीने बूट पार्टिशनसह प्रतिमा बनवा. ‘फॉरमॅट करू का’ असं विंडोजने विचारलं तर नाही म्हणा.

३. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ३२ बिट एक्सपीचं मशीन बनवा: रॅम १ जीबी, प्रोसेसर एक, आणि डिस्क साटावर न जोडता आयडीई पीआयआयएक्स४ कंट्रोलरवर जोडा. बूट होताना अडकला तर आय/ओ एपीआयसीची खूण उलट करून बघा.

४. नेटवर्क अ‍ॅडॅप्टर बंद ठेवा. हार्डवेअर बदललेलं दिसल्याने एक्सपी पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागू शकतो. पीसीबरोबर आलेला ओईएम परवाना त्या पीसीपुरताच असतो.

व्हर्च्युअलबॉक्स मशीन सुरूच करत नसेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे, ६.१ आवृत्तीपासून त्याशिवाय चालत नाही. सुरू झालं पण रखडतंय आणि खिडकीच्या तळाशी हिरवं कासव दिसतंय, तर विंडोजची स्वतःची आभासी पीसीची सोय, हायपर-व्ही, आड येतेय. ‘मेमरी इंटिग्रिटी’ आणि हायपर-व्हीशी संबंधित फीचर्स बंद केल्यावर कासव जातं, पण मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे. त्या पीसीवर बँकेची कामं होत असतील तर कासवासकट चालवा, हिशेबाच्या प्रोग्रॅमला तेवढा वेग पुरतो.

जुनी डिस्क पुसू नका. तिच्यावर तारीख, विंडोजचा पासवर्ड आणि प्रोग्रॅमचं फोल्डर लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवा, आणि एक मार्चअखेर नव्या पीसीवरून पार पडेपर्यंत तिला हात लावू नका.